विमानांच्या आयुष्याचे दप्तर खुले करावे

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,



फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने एअरबस आणि बोइंग या दोन कारखानदारांकडे मिळून ४७० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी इंडिगोने एकट्या एअरबसकडे ५०० विमानांची. या दोन्ही मागण्यांतील फार मोठा हिस्सा अशा विमानांचा आहे की ज्यांच्या मधोमध एकच वाट असते, वाटेच्या दोहों बाजूंस तीन-तीन आसने असतात, आणि ज्यांना या धंद्यात नॅरो-बॉडी म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईहून नागपूरला, पुण्याहून दिल्लीला किंवा गोव्याहून बंगळूरला जाणारा सामान्य प्रवासी बहुधा याच जातीच्या विमानात बसतो. त्यामुळे या जातीची जुनी विमाने काढून नवी आणण्याचा जो मोठा उद्योग आज चालू आहे, त्याच्याशी त्या प्रवाशाच्या जिवाचा प्रत्यक्ष संबंध आहे. जुन्याच्या जागी नवे येते ही वार्ता संतोषाचीच होय. परंतु कोणते जुने विमान केव्हा जाणार, ते कोणत्या कसोटीवर ठरणार, आणि त्या कसोटीचा दाखला कोणाच्या पाहण्यात येणार, याविषयी विमानाचे भाडे भरणाऱ्या जनतेस काहीही कळण्याची सोय नाही. ती सोय व्हावी, म्हणजे प्रत्येक प्रवासी विमानाच्या आयुष्याचे दप्तर जनतेस खुले व्हावे, एवढी एकच दरखास्त घेऊन हे पत्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपल्या देशाला विमानांच्या पिढ्या बदलण्याचा अनुभव नवा नाही. १९५३ साली देशांतर्गत वाहतुकीच्या खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स जन्मास आली तेव्हा तिच्या ताफ्याचा कणा युद्धकाळातील डाकोटा विमानांचा होता. १९५७ पासून व्हायकाउंट आली, १९६४ पासून फ्रेंच बनावटीची कॅराव्हेल जेट विमाने आली, सत्तरच्या दशकाच्या आरंभी बोइंग ७३७ आले आणि १९८९ मध्ये एअरबस ए-३२० आले. प्रत्येक पिढीच्या आगमनाचे समारंभ झाले, छायाचित्रे प्रसिद्ध झाली, भाषणे झाली. परंतु गेलेल्या पिढीतील विमाने नेमकी कोणत्या अवस्थेत गेली, किती झिजून गेली, कोणाच्या निर्णयाने इतकी वर्षे टिकली, याचा सलग आणि सुबोध वृत्तान्त जनतेपुढे कधी ठेवण्यात आला नाही.

विमानाचे वय वर्षांत मोजण्याची आपल्या सर्वांना सवय आहे, आणि ती सवयच पुष्कळशा गैरसमजुतीचे मूळ आहे. विमान वर चढते तेव्हा प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून त्याच्या आत हवेचा दाब राखावा लागतो, बाहेर हवा विरळ असल्यामुळे त्याचे धड किंचित फुगते, आणि ते खाली उतरले की पुन्हा पूर्ववत होते. हे एक आवर्तन, ज्याला हँगरमधील मंडळी ‘सायकल’ म्हणतात. डब्याचे पत्र्याचे झाकण एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा वाकवले की ते जसे अखेर त्या रेषेवर चिरते, तसा विमानाचा पत्राही या आवर्तनांनी रिव्हेटांच्या ओळीजवळ शिणत जातो. खंडांतरीच्या मार्गावरील अवाढव्य विमानाची दिवसाकाठी एक-दोन उड्डाणे होतात, तर नॅरो-बॉडी विमान एकाच दिवसात मुंबई, नागपूर, दिल्ली, पुणे, चेन्नई अशी पाच-सहा शहरे सहज गाठते. म्हणजे जन्मसाल एकच असले, तरी या दोहोंच्या म्हातारपणात महदंतर पडते.

हे ज्ञान मानवाला फार महागात पडले आहे. ब्रिटनची कॉमेट ही जगातील पहिली जेट प्रवासी विमाने. १९५४ साली त्यांतील दोन भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली, आणि कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथील संशोधकांनी एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या धडात पुन्हा पुन्हा दाब भरण्याचा व सोडण्याचा प्रयोग आरंभिला. त्या विमानाची १,२२१ खरीखुरी उड्डाणे आधीच झालेली होती. टाकीत आणखी १,८३६ आवर्तने झाल्यावर त्याचे धड फाटले, आणि धातूचा शीण ही केवळ पुस्तकी कल्पना नसून वर्षा-दोन वर्षांच्या कोवळ्या विमानासही ग्रासणारी व्याधी आहे, हे सिद्ध झाले.

पुढे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सच्या एका बोइंग ७३७ चे छत चोवीस हजार फुटांवर सुमारे अठरा फूट लांबीपर्यंत उडून गेले आणि एक हवाई सेविका त्या भगदाडातून बाहेर फेकली जाऊन प्राणास मुकली. ते विमान एकोणीस वर्षांचे होते. त्याच्या उड्डाणांचे एकूण तास ३५,४९६ भरले, जे अशा विमानाच्या मानाने फारसे नव्हेत. पण बेटाबेटांमधील आखूड फेऱ्यांमुळे त्याची आवर्तने ८९,६८० झाली होती, आणि या जातीची आर्थिक आयुर्मर्यादा रचनाकारांनी ७५,००० आवर्तनांची धरलेली होती. खाऱ्या हवेने पत्र्यांचे सांधे सैल केलेले, त्या सांध्यांवर रिव्हेटांपाशी असंख्य बारीक चिरा पडलेल्या, आणि तपासणीत त्या नजरेतून सुटलेल्या, असा तो एकंदर मामला होता. या अपघातानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १९९१ मध्ये वृद्ध विमानांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा केला. याउलट १ एप्रिल २०११ रोजी त्याच देशातील साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ च्या छतास भोक पडले, ते विमान अवघे पंधरा वर्षांचे होते आणि त्याची आवर्तने चाळीस हजारांच्या आतली होती. दोष निघाला तो कारखान्यातच सांधा जोडताना झालेल्या चुकीच्या कामाचा. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की ध्यानात येते की जन्मसाल एकट्याने फारसे काही सांगत नाही. आवर्तने किती, हवा कोणती, सांधे कोणी व कसे जोडले, आणि मागच्या तपासणीत काय आढळले, हे सारे एकत्र वाचावे तेव्हाच विमानाची खरी अवस्था कळते.

आपल्याकडील इतिहासही हेच शिकवतो. १२ ऑक्टोबर १९७६ च्या उत्तररात्री सांताक्रूझ विमानतळावरून मद्रासकडे निघालेल्या कॅराव्हेलच्या एका इंजिनातील चक्राला शिणाची चीर होती. ते चक्र उड्डाणानंतर लगोलग फुटले, आगीचा लोळ उठला, आणि विमान माघारी वळून धावपट्टी गाठण्याच्या आत कोसळून त्यातील ९५ च्या ९५ माणसे मृत्यू पावली. येथे झीज हीच अपराधी होती. परंतु २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, इंडियन एअरलाइन्सचे जुने बोइंग ७३७ उड्डाण घेताना धावपट्टीपलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गासड्यांनी भरलेल्या ट्रकवर आदळून ५५ माणसे दगावली, तेव्हा चौकशीत ठपका आला तो वैमानिकांच्या चुकीवर आणि त्या रस्त्यावरील रहदारीचा बंदोबस्त न झाल्यावर. १७ जुलै २००० रोजी पाटण्यास अलायन्स एअरचे वीस वर्षांचे बोइंग ७३७ वस्तीवर कोसळले व जमिनीवरील पाच जणांसह साठ माणसे मेली, तेव्हा देशभर ‘म्हाताऱ्या विमानां’विरुद्ध एकच गिल्ला झाला; पण चौकशीअंती कारण निघाले ते उतरण्याच्या प्रसंगी वैमानिकांच्या हातून झालेल्या चुकांचे. आणि १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला जे ए-३२० पडून ९२ माणसे गेली, ते तर ताफ्यात येऊन काही महिनेही झाले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, दप्तर खुले नसल्यामुळे जनतेचे दुहेरी नुकसान होते. अपघात घडला की वयाचा बागुलबुवा उभा राहतो व खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होते. आणि अपघात घडत नाही तोवर खरोखरीची झीज कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. जिथे माहिती नसते तिथे एकतर भय असते, नाहीतर गाफीलपणा.

ही माहिती गोळा होतच नाही, असे मात्र मुळीच नाही. जुन्या विमानाची मोठी तपासणी चालू असलेले हँगर ज्याने जवळून पाहिले असेल, त्याला ठाऊक आहे की तिथे विमान आतून अक्षरशः सोलून काढलेले असते. आसने, सतरंज्या, बाजूच्या भिंतींची आवरणे हे सारे बाहेर काढून क्रमांक घातलेल्या मांडण्यांवर ठेवलेले. धडाच्या बरगड्या हिरवट-पिवळ्या गंजरोधक रंगात उघड्या पडलेल्या. आणि एखादा तंत्रज्ञ टॉर्च व लांब दांड्याचा आरसा घेऊन तळाच्या भागात पालथा पडून, वर्षानुवर्षे सांडलेला चहा आणि झिरपलेले पाणी जिथे साचते त्या स्वयंपाककक्षाखालच्या व शौचकूपाखालच्या तुळया बोटभर अंतराने न्याहाळीत असतो, कारण गंज सर्वांत आधी तिथेच धरतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उभ्या राहणाऱ्या विमानाच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते. रिव्हेटांच्या ओळीवरून विद्युत्प्रवाहाची शोधणी फिरवतात, आणि डोळ्यांस न दिसणारी चीर यंत्राच्या पडद्यावरील रेषेच्या उसळीत दिसते. मग ती चीर कोठे, केवढी, तिच्यावर कोणते ठिगळ मारले, ते कोणी मारले व कोणी तपासले, हे सर्व सहीनिशी नोंदले जाते. या नोंदीवाचून ते विमान उडूच शकत नाही. अर्थात दप्तर आहे, आणि ते लिहिणारी माणसे निष्ठावंत आहेत. उणीव आहे ती एवढीच की ज्याच्या जिवासाठी हे सारे लिहिले जाते, त्याला त्यातला एक शब्दही पाहावयास मिळत नाही.

नवी विमाने आली की हा प्रश्न आपोआप मिटेल, असे आपल्या खात्यातील काही जाणकारांस वाटत असेल. नव्या पिढीच्या ए-३२० निओसारख्या विमानांचे गुण मी जाणतो: जुन्या जोडीदारापेक्षा सुमारे पंधरा टक्के इंधन कमी, धूर कमी, आणि कुर्ला-घाटकोपरच्या ज्या वस्त्यांवरून विमाने उतरतात तिथल्या रहिवाशांना सोसावी लागणारी घरघरही कमी. हे लाभ लहान नव्हेत. परंतु याच निओ विमानांवरील प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी आपल्या देशाला किती वर्षे छळले, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. त्या इंजिनांवर ठपका ठेवून गो फर्स्ट कंपनीने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी इंजिनांच्या चक्रांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीतच दोष निघाल्याने इंडिगोची अनेक कोवळी विमाने जमिनीवर उभी राहिली, आणि त्यांची उणीव भरून काढण्यासाठी कंपनीला जुन्या पिढीची ए-३२० विमाने भाड्याने आणावी लागली. म्हणजे नव्याच्या दुखण्यापायी जुन्याची मुदत वाढली. याला मी गैर म्हणत नाही. नीट राखलेले जुने विमान दुखणाईत नव्यापेक्षा शतपटीने बरे, आणि कॅनडाच्या उत्तरेकडील खडीच्या धावपट्ट्यांवर जुन्या बोइंग ७३७ नी चाळीस-चाळीस वर्षे इमानाने सेवा दिलेली आहे. पण मुदत वाढवायची, तर ती कोणत्या दाखल्यांच्या आधारे वाढवली, हे उघडपणे सांगावयास नको काय? परदेशातून जुने विमान देशात आणताना आपले खाते त्याच्या वयाची मर्यादा पाहते. मग जे आधीच देशात आहे आणि रोज सहा वेळा उडते आहे, त्याचा हिशेब जनतेपासून दूर का असावा?

सेवेतून निवृत्त झालेल्या विमानांचा प्रश्न याहून अधिक दुर्लक्षित आहे. १९८२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात दाखल झालेले, पुढे अलायन्स एअरकडे गेलेले व अखेरीस टपालाची ने-आण करणारे व्हीटी-ईएचएच हे बोइंग ७३७ सन २०१२ मध्ये सेवेतून निघाले आणि कोलकाता विमानतळावर तेरा वर्षे उभे राहिले. इतके की एअर इंडियाच्या मालमत्तेच्या यादीतूनही ते गळाले होते, आणि विमानतळानेच ‘हे हलवा’ म्हणून कळवले तेव्हा मालकाला आपल्या मालकीची आठवण झाली. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रस्त्याने बंगळूरला, अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी, नेण्यात आले. एक आख्खे विमान जर हिशेबातून निसटू शकते, तर त्याच्या पोटातील हजारो सुट्या भागांचे काय होत असेल, याचा विचार केल्यावाचून राहवत नाही. जुन्या विमानाचे चाक, पंप, इंजिनाचे पाते हे भाग तपासून दुसऱ्या विमानाला बसवतात; ही रीत जगन्मान्य आहे आणि काटकसरीचीही आहे, पण ती सर्वस्वी कागदपत्रांच्या खरेपणावर उभी आहे. सन २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या पुरवठादाराने सीएफएम-५६ इंजिनांसाठी बनावट दाखल्यांवर भाग विकल्याचे उघडकीस आले, आणि जगभरच्या कंपन्यांना आपली इंजिने उघडून पाहावी लागली. हे इंजिन नॅरो-बॉडी विमानांवर जगात सर्वाधिक वापरले जाणाऱ्यांपैकी आहे. स्पेनमधील तेरुएल किंवा फ्रान्समधील तार्ब येथे जुनी विमाने साठवण्याची व पद्धतशीर सोडवून भाग वेगळे करण्याची मोठी व्यवस्था आहे. आपल्याकडे येत्या दशकात शेकडो विमाने निवृत्त व्हावयाची असताना अशी रुळलेली व्यवस्था नसावी, हे शोभणारे नाही. नागपूरला मिहान प्रकल्पात बोइंगने उभारून एअर इंडियाच्या तत्कालीन अभियांत्रिकी शाखेकडे सोपवलेले दुरुस्तीकेंद्र आहे, जागा आहे, हाताशी कसबी माणसे आहेत. तिथे या कामाचा आरंभ व्हावा, ही विदर्भाच्या भल्याचीही गोष्ट ठरेल.

आता दरखास्तीचा तपशील मांडतो. पहिली गोष्ट, देशात प्रवासी वाहतूक करणाऱ्या प्रत्येक विमानाचे उत्पादनवर्ष, एकूण तास, एकूण आवर्तने, रचनाकाराने घालून दिलेली मर्यादा आणि शेवटच्या मोठ्या तपासणीची तारीख ही पाच माहिती-कलमे आपल्या खात्याने दर तिमाहीस, मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत, वाचता येईल अशा सुबोध तक्त्यात प्रसिद्ध करावीत. दुसरी गोष्ट, प्रत्येक कंपनीने आपल्या जुन्या विमानांच्या बदलीचे वेळापत्रक सरकारदप्तरी दाखल करावे, ते जाहीर व्हावे, आणि त्यात फेरबदल करावयाचा झाल्यास कारणे लेखी नमूद करावीत. तिसरी गोष्ट, सेवेतून काढलेल्या प्रत्येक विमानाचे अंतिम स्थान, व त्यातून काढून दुसऱ्या विमानात बसवलेल्या महत्त्वाच्या भागांची नोंद, एका मध्यवर्ती नोंदवहीत ठेवणे सक्तीचे करावे. चौथी गोष्ट, ही नोंदवही पडताळण्यासाठी आपल्या संचालनालयात पुरेसे निरीक्षक नेमावेत. कारण तपासणाऱ्या माणसाविना सर्वांत सुंदर तक्ताही निरुपयोगी असतो.

यावर कंपन्यांकडून दोन आक्षेप येतील, असा माझा अंदाज आहे. पहिला असा की ही माहिती व्यापारी गुपित आहे. परंतु आवर्तनांच्या संख्येत कोणते गुपित आहे? विमान भाड्याने देणारा आणि विमानाचा विमा उतरवणारा, हे दोघेही ती माहिती करारापूर्वी मागून घेतात. ज्यांचे पैसे गुंतले आहेत त्यांना ती दिली जाते, मग ज्यांचा जीव गुंतला आहे त्यांनाच ती का नाकारावी? दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाला या आकड्यांचा अर्थ उमगणार नाही आणि तो उगाच घाबरेल. महोदय, याच सामान्य माणसाने औषधाच्या वेष्टनावरील मुदत वाचावयास शिकून घेतले, गॅसच्या सिलिंडरवरील तपासणीची तारीख पाहावयास शिकून घेतले. माहिती मिळत गेली म्हणजे समजही वाढत जाते. किंबहुना जुने विमान नीट राखणाऱ्या कंपनीचा लौकिक या खुलेपणाने वाढेलच, आणि केवळ चकचकीत नव्या रंगावर भिस्त ठेवणाऱ्या कंपनीस अंतर्मुख व्हावे लागेल. शिवाय ज्यांनी पालथे पडून, टॉर्चच्या उजेडात, ती चीर शोधली त्या तंत्रज्ञांच्या श्रमांची कदर जनतेच्या नजरेस पडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आपला देश येत्या काळात जगातील अग्रगण्य विमानवाहतुकीच्या देशांत गणला जाईल, असे आपण अनेकदा म्हणता, आणि माझाही तसा विश्वास आहे. परंतु ही थोरवी केवळ ताफ्याच्या आकड्यावर मोजली जाऊ नये. आपल्या प्रवाशापासून काहीही न लपवणारा देश म्हणूनही ती मोजली जावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. या दरखास्तीवर आपण जो निर्णय घ्याल तो होकाराचा असो वा नकाराचा, त्याची कारणे लेखी नोंदवून ती प्रसिद्ध करावीत, एवढी विनंती करून हे पत्र पुरे करतो.

आपला नम्र,
एक विमानप्रवासी नागरिक, मुंबई